सप्रेम भेट आणि बनुबाईचा डबा

मित्रांनो, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचं एक गोदाम आहे. तिथे जुन्या फ्लेक्सच्या गठ्ठ्यांशेजारी मी उभा आहे. मी दूध गार ठेवणारा एक जुना कूलर. अंगाने स्टीलचा, पोटाने मोठा आणि स्वभावाने तिरसट. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की आधी गळा काढतात. मी काढणार नाही. मला रडू येत नाही, हसू येतं, आणि तेही कुत्सित. का येतं ते ऐकलंत तर तुम्हालाही येईल.

माझा जन्म फार लांबच्या, गार हवेच्या एका देशात झाला. त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही नकाशा उघडून ते शोधाल, आणि तुम्ही ते शोधावं म्हणूनच तर त्यांनी मला इकडे धाडलं होतं. ते काम मी फुकटात का करू? त्या देशात दूध उदंड. पिऊन, विकून, चीज करूनही ते उरायचं. उरलेल्याची पावडर व्हायची आणि पावडरीची पोती गोदामांच्या छताला टेकायची. ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. इथे माणसं पुष्कळ आणि सगळी चहा पिणारी, म्हणून त्यांची नजर इकडे वळली. पण इथल्या सरकारने बाहेरच्या पावडरीवर जबर कर बसवून दार लावून घेतलं होतं. आता असं दार उघडायला पूर्वीचे राजे तोफा आणत. हल्लीचे देश माझ्यासारखी भेट आणतात. भेट आणायला धारिष्ट लागत नाही, फोटोवाला लागतो.

कारखान्यात मी अर्धामुर्धा तयार असताना कोटवाली माणसं मला बघायला आली. मला वाटलं, हे आता माझ्या कंप्रेसरची चौकशी करतील, तिकडचं ऊन मला सोसेल का विचारतील. छे! माझ्या पोटावर देशाचा झेंडा केवढा काढायचा, यावर त्यांची सगळी दुपार गेली. त्यातला एक म्हणाला, "फोटोत एक बाई याच्यासमोर उभी राहील. तिच्यामागे झेंडा झाकला जाता कामा नये." त्या बाईला त्यांच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. तिचं नाव, गाव काही ठाऊक नव्हतं. तिने उभं कुठे राहायचं एवढं मात्र ठरलं होतं. माणसांविषयीचं माझं मत त्या दुपारी जे बिघडलं, ते पुढे फारसं सुधारलं नाही.

असा मी बोटीतून मुंबईला आणि तिथून ट्रकमधून पाथर्डी तालुक्यातल्या बोरगव्हाणला आलो. पाथर्डीचा हा भाग कोरडा. दसरा झाला की गावोगावच्या चौकांत ट्रक लागतात आणि नवराबायकोच्या जोड्या ऊस तोडायला कारखान्यांकडे निघतात. अशा जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. माणूस मोजताना हत्याराचं नाव घ्यायचं, ही त्या धंद्याची रीत. बोरगव्हाणच्या बायकांनी या फेऱ्यातून सुटायला म्हशी पाळल्या होत्या आणि महिलांची दूध संस्था काढली होती. तिच्या चेअरमन होत्या बनुबाई गर्जे. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाजाने खड्या आणि कष्टाने वाळलेल्या. त्यांचा नवरा सहादेव आणि त्या, दोघांनी उभं तरुणपण उसाच्या फडात घालवलं होतं. मुलगा नितीन आणि सून सीमा यांचा कोयता जाऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांना देवाकडे मागायची होती.

अडचण अशी होती की डेअरीचा टँकर यायचा फक्त सकाळी. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत नासायचं. म्हणजे म्हशीने दोनदा दूध द्यायचं आणि घराने एकदाच विकायचं. तेवढ्यावर घर चालत नव्हतं आणि सीमाच्या डोक्यावरचा कोयता हटत नव्हता. ही अडचण हेरूनच मला तिथे पाठवलं होतं. भेट देणारा गरज नेमकी ओळखतो, हे त्याचं कौतुक मी नाकारत नाही.

मला शेडमध्ये बसवलं आणि माझ्या छातीवर पितळी पाटी ठोकली. सीमाने ती मोठ्याने वाचली. वरती त्या देशाचं नाव, आणि खाली, 'यांच्या जनतेकडून बोरगव्हाणच्या भगिनींना सप्रेम भेट.'

बनुबाई पाटीवरून बोट फिरवत राहिल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या साळूबाईंना म्हणाल्या, "व्हय गं, लगीन कुनाचं हाय?"

सगळ्या हसल्या. पण बनुबाई थट्टा करत नव्हत्या. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली नावं तुम्ही पाहिली असतील. अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट. हा असतो आहेर. तो घेणारी बाई मनात नीट टिपून ठेवते, की उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं तर आपल्यालाही तोलामोलाचं काही न्यायचं आहे. पाटी लिहून घेणाऱ्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना 'सप्रेम भेट' म्हणजे गोड बोलणं वाटलं होतं. बोरगव्हाणच्या बायकांना ते व्यवहाराचं बोलणं वाटलं. साहेबांनी चुकून खरं तेच लिहिलं होतं.

उद्घाटनाला त्या देशाच्या वकिलातीतले साहेब आले. त्यांच्याबरोबर पुण्याची ज्ञानेश्वरी नावाची दुभाषी मुलगी होती आणि तालुक्याचे पुढारी काकासाहेब होते. काकासाहेब म्हणजे फीत दिसली की कात्री शोधणारा माणूस. माझं दार उघडलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. साहेब गाडीकडे निघाले तेव्हा बनुबाई लगबगीने आडव्या गेल्या. त्यांच्या हातात कडीचा डबा होता. सकाळीच साळूबाईंची म्हैस व्याली होती. रेडकाच्या वाट्याचा चीक ठेवून उरलेल्याचा, गूळ-वेलदोडा घालून, त्यांनी खरवस केला होता.

"आहेर आला तर परत आहेर करावा लागतो," त्या ज्ञानेश्वरीला म्हणाल्या. "आमच्याकडं दुसरं काय न्हाई. दूध हाय. सायबांना म्हनावं, घरी नेऊन पोरंबाळं मिळून खा. अन् डबा तेवढा सावकाशीनं धाडून द्या. माझ्या लग्नातला हाय."

त्या डब्यावरही नाव होतं. 'चि. सौ. कां. बनु हिस सप्रेम भेट. रखमाजी.' रखमाजी हा त्यांचा थोरला भाऊ. तो आता नव्हता. साहेबांनी डबा दोन्ही हातांनी धरला, बनुबाईंना माझ्या डाव्या बाजूला उभं केलं, म्हणजे झेंडा उघडा राहील असं, आणि फोटो काढून घेतला. पुढे त्या डब्याचं काय झालं हे मला फार उशिरा कळलं. ते शेवटी सांगतो.

मी काम मात्र मन लावून केलं. संध्याकाळी कॅन यायचे, सीमा फॅट काढायची, म्हणजे दूध किती कसदार ते यंत्रावर मोजायची, आणि भागवत माझं झाकण उघडून दूध ओतायचा. भागवत हा संस्थेचा सचिव, पायाला भिंगरी लावलेला माणूस. उन्हाळ्यात विजेचा दाब पडला की माझा कंप्रेसर धापा टाकायचा. मग भागवत ओलं पोतं आणून त्याच्यावर घालायचा आणि मला म्हशीसारखा थोपटायचा. साहेब लोकांनी माझा फोटो हजारदा काढला असेल, पण मला थोपटलं फक्त या एका माणसाने. संध्याकाळचं दूध विकलं जाऊ लागलं. पहिल्याच दसऱ्याला चौकात ट्रक लागला तेव्हा नितीन आणि सीमा त्यात चढले नाहीत. सीमाचं पोर शेडसमोर मातीत खेळत होतं आणि बनुबाई उगाचच त्याला रागावत होत्या. त्यांना आनंद झाला की त्या कुणाला तरी रागवायच्या.

पण मित्रांनो, माझ्यात एक मेख होती. माझ्या छातीवर एक छोटी काच होती आणि दर महिन्याला ती एक आकडा मागायची. तो आकडा यायचा माझ्या देशातून, भागवतच्या मोबाईलवर. तो घातला नाही तर मी बंद. सुरक्षेसाठी आहे, असं सांगितलं होतं. कुणाच्या सुरक्षेसाठी, हे कुणी विचारलं नाही. मी भेट होतो, माझी किल्ली भेट नव्हती. सप्रेम दिलेल्या वस्तूला दावं बांधून त्याचं टोक आपल्या हातात ठेवायचं, हे प्रेम मला जन्मापासून ओळखीचं होतं, पण बोरगव्हाणला ते नवं होतं.

मग पाहुण्यांची रीघ लागली. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी गोरं माणूस यायचं, माझ्या पोटात डोकावायचं आणि "ओह" म्हणायचं. मी दूध गार ठेवतो याचं त्यांना दरवेळी नव्याने आश्चर्य वाटे. बायकांना त्यांनी झेंड्याच्या टोप्या वाटल्या. त्या टोप्या पदरावर कशा घालायच्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं. साळूबाईंनी त्यांची टोपी वैरणीच्या खोलीत खुंटीला लावून त्यात औषधाच्या बाटल्या ठेवल्या. टोपीचा तो सगळ्यात चांगला उपयोग.

काकासाहेबांना तर त्या देशाने अभ्यासदौऱ्यावर नेलं. त्यांनी काय अभ्यास केला ते मला माहीत नाही. परत आले ते गळ्यात मफलर घालून, ऐन चैत्रात. "तिकडच्या गाई काय सांगू," ते शेडमध्ये खुर्चीवर रेलून म्हणाले, "त्यांना गाणी ऐकवत्यात. आन् दूध कसं? निव्वळ अमृत. आपलं म्हंजे पानी."

"आमचं पानी तुमी रोज च्यात घालता की," साळूबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. एका दौऱ्यात, एका मफलरीत माणूस किती स्वस्तात दुसऱ्याचा होतो, हे पाहून मला शरम वाटली. माझ्या देशाने माझ्यावर जास्त खर्च केला होता आणि मी अजून कुणाचं अमृत-बिमृत म्हटलं नव्हतं.

अखेर ज्यासाठी एवढा खटाटोप होता ते कार्य निघालं. दोन्ही देशांची व्यापाराची बोलणी सुरू झाली होती. तिकडचे मंत्री दिल्लीला येणार होते, आणि वाट वाकडी करून बोरगव्हाणलाही. ज्ञानेश्वरी आठवडाभर आधी आली. संध्याकाळची वेळ होती, कॅन यायला लागले होते, काकासाहेबही हजर होते.

"बनुबाई, मंत्र्यांसमोर तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचंय," ती म्हणाली. "दोन देशांचं दूध एकत्र आलं तर आम्हा शेतकरी बायकांची काही हरकत नाही, एवढंच."

"एकत्र आलं म्हंजी कसं? कॅन कुनाचा?"

ज्ञानेश्वरीने कॅनकडे पाहिलं. पोरगी वाईट नव्हती. पगारासाठी गोड बोलत होती, पण बनुबाई डोळ्यांत बघून विचारत असताना तिला खोटं बोलवेना. "म्हणजे त्यांची पावडर इकडे येईल," ती हळू म्हणाली. "कमी करात. स्वस्त असेल ती. डेअऱ्या ती पाण्यात कालवून विकतील. तुमचं वाक्य ते दिल्लीत दाखवतील, की बघा, तुमच्याच बायका हो म्हणतात."

"मग आमचं दूध?"

सीमा फॅट काढता काढता थांबली होती. स्वस्त पावडर आली की डेअरी गावचं दूध नाकारणार, म्हशी बाजारात जाणार आणि पुढच्या दसऱ्याला तिचा आणि नितीनचा कोयता ट्रकमध्ये चढणार. तिने पोराला जवळ ओढून घेतलं.

काकासाहेब खाकरले. "हे बघ बनुबाई, उगं डोकं लावू नको. त्यांनी मशीन दिलं. न्हाई म्हनलीस तर मशीन जाईल. संध्याकाळचं दूध मग वतून देनार काय वढ्यात? तिकडूनबी बुडाल अन् हिकडूनबी."

ते गेल्यावर बायका माझ्याभोवती बसल्या. भीतीपेक्षा त्यांना दुसरंच काही टोचत होतं. साळूबाई ते बोलल्या. "पावडर नको, हे खरं. पन त्यांचं घेतलंय आपन. त्यांच्या भांड्यात इतके दिस दूध वतलं. आता त्वांडावर न्हाई कसं म्हनायचं? मिंधं झालो आपन."

बनुबाई मान खाली घालून बसून राहिल्या. मला त्यांचा तेव्हा फार राग आला. ज्यांनी मला धाडलं ते चार पोती जास्त खपावीत म्हणून धडपडत होते, आणि या बाया त्यांच्यासाठी मनाला लावून घेत होत्या! मिंधेपणा फक्त भल्या माणसाला लागतो. देणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं, त्याचा सगळा धंदा त्यावर उभा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी शेडपुढे मंडप पडला. मला पुसून, हार घालून मधोमध ठेवलं होतं. मंत्री आले, वकिलातीतले साहेब आले, काकासाहेब मफलरीसह आले. व्यासपीठामागे भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर एकच फोटो होता. मी, माझा झेंडा, डावीकडे बनुबाई, आणि साहेबांच्या दोन्ही हातांत कडीचा डबा. खाली दोन्ही भाषांत मैत्रीविषयी काहीबाही लिहिलं होतं. ज्ञानेश्वरी सांगत होती, हा फोटो त्यांच्या देशात विमानतळावरही लावलाय.

बनुबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या त्या वेळी त्या काय बोलणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. चेहरा उतरलेला होता. माईकपर्यंत जाताना त्यांची नजर फ्लेक्सवर गेली आणि त्या तिथेच थांबल्या. फोटो इतका मोठा होता की डब्यावरची ठिपक्यांची अक्षरं लांबून वाचता येत होती. 'रखमाजी' हे नाव हातभर झालं होतं.

त्या माईकजवळ गेल्या. "रामराम," म्हणाल्या. "सायेब, आमचा डबा कुठं हाय?"

मंडपात कुणाला काही कळेना. ज्ञानेश्वरीने भाषांतर केलं नाही.

"हा बघा, फोटोत हाय." त्यांनी मागे बोट केलं. "तुमी आमाला भांडं दिलं, त्यावर सप्रेम भेट लिवलं. आमच्यात असं भांडं घेतलं की परत आहेर करत्यात. आमी केला. त्याच दिशी केला. पयल्या चिकाचा खरवस दिला. आता ह्यो आहेर तुमच्या मशीनीपुढं ल्हान हाय म्हनाल, तर आहेराला तराजू लावत न्हाईत. म्हनून सांगते, तुमची आमची फिटंफाट झाली. आमी तुमचं मिंधं न्हाई. उलट आमचाच डबा तुमच्याकडं ऱ्हायलाय."

बायकांतून कुणीतरी 'व्हय' म्हणालं. साळूबाई असाव्यात. बनुबाईंचा आवाज चढला. "तुमची पावडर आमाला नको. आमचं दूध आमी इकू, तुमचं तुमी प्या. आमची हरकत हाय. पक्की हाय."

काकासाहेब धावत माईककडे आले आणि टाळ्या वाजवायला लागले, म्हणजे भाषण संपलं असं वाटावं. मंत्र्यांनीही हसून टाळ्या वाजवल्या. त्यांनी ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. ती चाचरत त्यांच्या भाषेत म्हणाली, "त्या... त्या आभार मानतायत." मला दोन्ही भाषा कळत होत्या. एक जन्माची, एक कानावर पडलेली. माझा कंप्रेसर संतापाने घरघरला.

बनुबाईंना त्यांची भाषा येत नव्हती, पण टाळ्यांची येत होती. "पोरी, नीट सांग," त्या म्हणाल्या. "एवढं बोलले ते मी काय हवेत बोलले? मला त्यांचं त्वांड बघायचंय."

आणि मग ज्ञानेश्वरीने सांगितलं. खरवस, डबा, पावडर, सगळं. 'फिटंफाट' या शब्दाला तिला त्यांच्या भाषेत शब्द सापडेना, तेव्हा ती म्हणाली, आता कुणी कुणाचं देणं लागत नाही. नोकरी जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि ती गेलीच. मंत्र्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला आत जायलाही वाट मिळेना. ते साहेबांना कुजबुजत म्हणाले, "डबा म्हणजे? काय किंमत आहे त्याची? तिला नवा घेऊन द्या."

नवा घेऊन द्या! आलेला आहेर गाडीत टाकून विसरायचा, त्याचा फोटो विमानतळावर टांगायचा, आणि वर म्हणायचं नवा घेऊन द्या. ज्यांनी अख्खं जग विकत घ्यायला काढलं होतं, त्यांची अक्कल त्या एका वाक्यात तळापर्यंत दिसली.

ज्ञानेश्वरीने तेही भाषांतर करून सांगितलं. बनुबाई खाली उतरता उतरता म्हणाल्या, "नवा नको. त्यावर माझ्या भावाचं नाव हाय."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्या महिन्याचा आकडा आला नाही. भागवतने फोन केले. तांत्रिक अडचण आहे, असं उत्तर आलं. पुढच्या वेळीही तीच अडचण. ते रागावले नाहीत, भांडले नाहीत, त्यांनी फक्त दावं ओढलं. मी बंद पडलो. मला चांगलं माहीत होतं की माझ्यात काही बिघडलेलं नाही. धडधाकट असून माझ्याच गावचं दूध माझ्यासमोर नासताना मला पाहावं लागलं. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला माझीच घृणा वाटली ती त्या दिवसांत.

पण बायका हटल्या नाहीत. भागवतने टेम्पो ठरवला. संध्याकाळचे कॅन ओल्या पोत्यांत गुंडाळून शेजारच्या गावच्या संस्थेत जायला लागले. तिथे एक जुना, पोचे पडलेला, इकडेच बनलेला कूलर होता. त्याच्यावर कुणाचा झेंडा नव्हता आणि तो कुणाला आकडा मागत नव्हता. धावपळ वाढली, हातात पैसा कमी येऊ लागला, तरी दूध विकलं जात राहिलं. दसरा झाला, चौकात ट्रक लागला. मी शेडच्या दारातून बघत होतो. ट्रक भरला, निघाला, आणि सीमा कॅन घेऊन टेम्पोकडे आली. पोर तिच्या मागे मागे चालत होतं.

त्याच आठवड्यात मला न्यायला क्रेन आली. आता मला दुसऱ्या कुठल्याशा देशात पाठवायचं होतं, जिथल्या बायका सांगितलेलं वाक्य नीट बोलतील. माणसांनी माझी पितळी पाटी उचकटून काढली. तिथल्या लिपीतली नवी पाटी करायला दिली होती. प्रेम तेच, अक्षरं वेगळी.

मला दोर बांधला तेव्हा बनुबाई घरातून आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. माझी त्याला तयारी होती. त्यांनी भागवतला माझं झाकण उघडायला लावलं आणि पदरातली ओंजळभर ज्वारी माझ्या पोटात सोडली. वर एक नारळ ठेवला.

"त्यांना कशाला?" क्रेनबरोबर आलेले काकासाहेब म्हणाले.

"त्यांचं भांडं हाय," बनुबाई म्हणाल्या. "भांडं रिकामं परत देत न्हाईत."

त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "तुझा काय दोष न्हाई बाबा." मग भागवतला रागावल्या, की दोर नीट बांध, पत्रा चेपेल.

मी तिरसट आहे हे तुम्हाला आधीच सांगितलं. पण त्या ज्वारीचं वजन मला जेवढं जाणवलं, तेवढं कधी भरल्या दुधाचं जाणवलं नव्हतं.

तेव्हापासून मी इथे सुप्याला आहे. माझा पुढचा देश अजून ठरत नाही, म्हणजे तिथे काय मागायचं ते ठरत नसावं. इथे राखणदार आहे, बन्सी नावाचा. पहिल्याच दिवशी तो खुर्ची ओढून बसला, विडीसाठी त्याने हात लांबवला आणि फ्लेक्सच्या गठ्ठ्यावरून कडीचा एक डबा उचलला. त्यावर ठिपक्यांची अक्षरं होती. चि. सौ. कां. बनु हिस सप्रेम भेट.

एकदा चहावाल्या पोऱ्याशी बोलताना बन्सीने डब्याची कथा सांगितली. उद्घाटनाहून परतताना साहेबांच्या गाडीत खरवस सांडेल म्हणून ड्रायव्हरने डबा वाटेतल्या या त्यांच्याच गोदामात उतरवला. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. खरवस आंबला, बन्सीने तो कुत्र्यांना घातला आणि डबा विड्या-काडेपेटी ठेवायला घेतला. माझ्या देशाने तो डबा चोरलासुद्धा नव्हता. चोरायला निदान ती वस्तू दिसावी लागते.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी वस्तू विनवतात, की आम्हाला टाकू नका, आमची निगा राखा. मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला रंग लागेल, नवा झेंडा लागेल, माझं बरं चाललेलं असेल. पण तुमच्यापैकी कुणी सुप्यावरून नगरमार्गे पाथर्डीला जाणार असेल, तर जरा या गोदामाशी थांबा. बन्सी माणूस चांगला आहे, त्याला विड्यांसाठी दुसरं काहीतरी द्या आणि तो डबा घेऊन बोरगव्हाणला बनुबाई गर्जेंच्या हातात द्या. आधी घासा, विडीचा वास जाऊ द्या. ठिपक्यांत चिंच लावून घासलं की रखमाजीचं नाव पुन्हा लख्ख दिसेल.

आणि तो रिकामा देऊ नका.